सेटिंगचा कट्टा

श्रुतिका : मंग माह्या फोटोपेक्षा महागूकाकाचा फोटो मोठा काहून हाय, ते सांग मले.

पुष्पलता : आता मी छापला का व तो फ्लेक्स? वारासिवनीच्या दुकानदारानं छापला. जागा उरली असन, टाकला मोठा. तू साडी नेस पहिले. चार वाजता सत्कार हाय. तुहे बाबा जेवन झाल्यापासून शाळेच्या पटांगनात खुर्च्या मांडून राह्यले.

श्रुतिका : नेसतो. पन पहिले हे वाच. आम्रपालीनं मोबाईलवर फोटो पाठवला. मोठा करून देतो, धर.

पुष्पलता : 'रामपायली की बेटी कुमारी श्रुतिका का वनरक्षक पद पर चयन होने पर हार्दिक अभिनंदन.' बाप्पा! किती चांगलं लिवलं हाय. यात कायचा राग येते तुले?

श्रुतिका : त्याच्या खालची ओळ.

पुष्पलता : चष्मा नाही माह्यापाशी.

श्रुतिका : वरची ओळ बिनाचष्म्याची वाचली ना?

पुष्पलता : 'महागू भैया के अथक प्रयास से.'

श्रुतिका : अथक प्रयास! आई, दोन वर्सं अभ्यास कोनं केला? परीक्षा कोनं देल्ली? बालाघाटात चौदा किलोमीटर चार घंट्याच्या आत कोन चाललं? पायाची दोन नखं माही गेली. महागूकाका कुठं होता तवा? चहाच्या टपरीवर?

पुष्पलता : त्याईनं बी काही केलंच असन ना. तहसीलीत, दवाखान्यात, सबदूर वळख हाय त्याईची. उगाच कोनी फ्लेक्सवर नाव टाकते का?

श्रुतिका : उगाचच टाकते. इथं बोअरवेलच्या उद्घाटनाले बी त्याचाच फोटो होता. पन बोअरवेल बोलत नाही, मी बोलतो. आन बाबा म्हनले का मी स्टेजवर त्याच्या पायाले हात लावाव. हे कोनं ठरवलं?

पुष्पलता : मोठ्या मानसाच्या पाया पडल्यानं काय झिजते तुहं?

श्रुतिका : गावातल्या कोन्याही म्हाताऱ्याच्या पडतो. त्याच्याच काहून? तू खाली काहून पाहून राह्यली? आई, माह्याकडं पाह्य. तू काय केलं?

पुष्पलता : काही नाही केलं. सारे करतात ते केलं.

श्रुतिका : म्हंजे?

पुष्पलता : एक कट्टा देल्ला त्याईले. चिन्नोर तांदळाचा. तीस किलोचं पोतं. भरतीवाल्या साहेबाच्या घरी पोहोचवाले.

श्रुतिका : कोनता चिन्नोर? कुशलदादाच्या लग्नाच्या पंगतीसाठी ठेवला होता तो? तू त म्हनलं त्याले किडे लागले, वाटून टाकला!

पुष्पलता : हौ. खोटं बोलली.

श्रुतिका : कवा देल्ला?

पुष्पलता : तुही परीक्षा झाली आन चालाची तारीख आली, त्याच्या मधात. महागूभाऊ स्वतः घरी आलते. म्हनले, वहिनी, पोरगी हुशार हाय, पन हुशारीले कोन विचारते? साहेबासंग माही सेटिंग हाय. पैसा नको म्हनले, साहेबाले पैशाचा राग येते. घरचा तांदूळ पाठवा, मानसाले मानूस म्हून. मले वाटलं, तांदूळच त हाय.

श्रुतिका : बाबाले माहीत हाय?

पुष्पलता : नाही. आन तू सांगशीन त याद राख! ते गावभर सांगत फिरून राह्यले, माह्या पोरीनं कोनाचं बोट नाही धरलं म्हून. काल सलूनवाल्याले सांगतलं, आज दूधवाल्याले. तीस वर्सात इतके बोलले नाहीत ते.

श्रुतिका : आन ते तोंडघशी पडले त? आई, असं कसं केलं व तू? माह्यावर भरवसा नव्हता तुहा?

पुष्पलता : तुह्यावर होता. बाकी कोनावरच नव्हता. कुशलच्या वक्ताले काय झालं? तीनदा परीक्षा देल्ली त्यानं. तीनदा पेढे आनून ठेवले मी. तुहे बाबा म्हने, आपन सरळ चालू. चाललो सरळ. आज तो रायपूरले दुसऱ्याच्या गोदामात खोके मोजते. तवा सारं गाव म्हनलं, सेटिंग नाही केली त कसं लागन? माह्या जिवाले ते लागून राह्यलं होतं, बाई. एका लेकराच्या वक्ताले हात बांधून बसली, दुसऱ्याच्या वक्ताले बी बसाव का?

श्रुतिका : दादा सेटिंगपायी नाही राह्यला. पहिले दोनदा गणितात गेला, तिसऱ्यांदा दोन मार्कांनी. त्यानं स्वतः मले सांगतलं, तुले सांगाची त्याले लाज वाटत होती.

पुष्पलता : दोन मार्कच त सेटिंगनं भरून निघतात!

श्रुतिका : पाह्य! हेच! या गावाले हा एक शब्द काय सापडला, बाकीचे सारे मेले. रेल्वेचं तिकीट कन्फर्म झालं, सेटिंग. ट्रॅक्टरवाला आपल्या धानाच्या बांधीत पहिले आला, सेटिंग. सोसायटीत कोनाचं धान बिना किरकिरीचं मोजलं गेलं, त्याची बी सेटिंग. शेजारच्या पौर्णिमाचे पुढचे दात डॉक्टरनं तारेनं बांधले, त्याले बी तू सेटिंगच म्हनते.

पुष्पलता : डॉक्टरच म्हनला तसा!

श्रुतिका : डॉक्टर म्हनला त म्हनला. पन मेहनत केली, घाम गाळला, यासाठी कोनापाशी शब्दच नाही उरला. जे झालं ते सेटिंगनं, नाही झालं ते सेटिंग नव्हती म्हून. मंग मानूस स्वतःच्या हातानं काही करते का नाही?

पुष्पलता : शब्दाशी कायले भांडतं? लोक बोलतात तशी मी बोलली.

श्रुतिका : कोनासंग बोलली?

पुष्पलता : कोनासंग नाही. फक्त सीताबाईसंग.

श्रुतिका : आम्रपालीच्या आईसंग! काय सांगतलं तिले? जसं सांगतलं तसंच सांग.

पुष्पलता : म्हनलं, आमच्या श्रुतिकाची साहेबासंग सेटिंग झाली, आता काळजी नाही.

श्रुतिका : असंच म्हनलं?

पुष्पलता : हौ. मंग कसं म्हनाचं? तोंड काहून असं झालं तुहं?

श्रुतिका : मंगळवारी मी वारासिवनीच्या स्टँडवर उभी होती. मांगं दोन पोट्टे होते. एक म्हनला, हेच ते, रामपायलीची, सेटिंगनं लागली. मी म्हनलं जाऊ दे, जळतात. मंग दुसरा म्हनला, कायची सेटिंग, साहेबासंगच सेटिंग हाय तिची. आन दोघं हासले. ते हासनं तांदळाच्या कट्ट्याचं नव्हतं, आई.

पुष्पलता : माय व!

श्रुतिका : बस येईपर्यंत मी तिथंच उभी राह्यली. मांगं पाह्यलं नाही. घरी आली, तू विचारलं काहून जेवत नाही, मी म्हनलं डोकं दुखते.

पुष्पलता : कोन होते ते मुडदे? कोनाचे पोट्टे? चाल, दाखव मले, थोबाड फोडतो एकेकाचं!

श्रुतिका : त्याईचं थोबाड फोडून काय होते? त्याईनं नवीन काय म्हनलं? पोरगा-पोरगी दोनदा एका बसमध्ये दिसले त त्याले सेटिंगच म्हनतात इथं. तू सांगतलं, सीताकाकूनं विहिरीवर सांगतलं, तिथून स्टँडवर गेलं.

पुष्पलता : देवाच्यान सांगतो, मले तसं काही सुचलंच नाही. मी त तांदळाचं म्हनत होती. मी आपल्याच तोंडानं आपल्याच पोरीले... काय करून बसली मी!

श्रुतिका : रडू नको. मी रडली का? मले राग येऊन राह्यला. तू बी राग कर. पन त्या पोट्ट्यांवर नको करू, ज्यानं हे सुरू केलं त्याच्यावर कर.

पुष्पलता : महागूभाऊवर कसा करू? त्या मानसानं त काम केलं ना आपलं. आन बेइमान नाही तो. सीताबाईनं बी कट्टा देल्ला होता आम्रपालीसाठी. आम्रपालीचं नाव नाही लागलं, त गेल्या आयतवारी स्वतः मोटारसायकलवर आनून वापस केला. म्हनला, वहिनी, काम नाही झालं, तुमचा दाना मले हराम हाय. आजकाल कोन वापस करते व?

श्रुतिका : वापस केला? सारा?

पुष्पलता : साराच्या सारा. मी होती तिथं. लुगड्याच्या काठाचा लाल दोरा घेऊन सीताबाईनं तोंड शिवलं होतं, तेच टाके, तोच दोरा. एक टाका बी उसवला नव्हता.

श्रुतिका : तीन महिने साहेबाच्या घरी राह्यला आन एक टाका नाही उसवला?

पुष्पलता : हौ ना. म्हनून त म्हनतो, इमानदार...

श्रुतिका : बोल ना. काहून थांबली?

पुष्पलता : थांब जरा. तीन महिने. पावसाळ्याचे. तांदूळ घरात आला त बाई पहिले तोंड खोलते, हात घालून पाह्यते, ओल त नाही लागली. तांदूळ देनारा साक्षात देव असला तरी पाह्यते. आन त्या घरी कोनं पाह्यलंच नाही?

श्रुतिका : कट्टा त्या घरी गेला तवा ना.

पुष्पलता : मंग कुठं होता?

श्रुतिका : महागूकाकाच्या माळ्यावर. आनखी कोनाकोनाचा कट्टा घेतला होता त्यानं?

पुष्पलता : तुहा, आम्रपालीचा. किरनापूरच्या दीपिकाचा, ते सीताबाईच्या माहेरची. आन लांजीकडचे दोन पोट्टे होते म्हनतात.

श्रुतिका : पाच. त्यातले किती लागले?

पुष्पलता : तू आन लांजीचा एक.

श्रुतिका : आन बाकी तिघांचे कट्टे वापस. आता समजलं? तो काहीच नाही करत. कोनाले भेटत नाही, कोनाच्या दारात जात नाही. पाच जागचा तांदूळ आनते आन घरी बसून लिस्टची वाट पाह्यते. जो आपल्या दमावर लागला, त्याचा ठेवते आन म्हनते माह्यामुळं लागला. जो नाही लागला, त्याचा वापस करते आन म्हनते मी इमानदार. दोन्हीकडून त्याचंच नाव होते.

पुष्पलता : म्हंजे मी नसता देल्ला तरी...

श्रुतिका : तरी बी लागलीच असती. माहं नाव माह्या मार्कांनं आलं, आई. चिन्नोरनं नाही.

पुष्पलता : आन माहा चिन्नोर?

श्रुतिका : खाल्ला असन त्यानं.

पुष्पलता : खाल्ला! माह्या कुशलच्या लग्नाचा! मी त्या बांधीत एक दाना खताचा नाही टाकला, गोबरावर पिकवला. शिजला का गल्लीभर वास सुटते. आन तो घरी बसून...

(मोटारसायकल अंगणात थांबते. महागू दारात येतो.)

महागू : क्या भाभी, तयारी झाली का? सब सेट हाय! माईकची सेटिंग झाली, हाराची झाली, पेपरवाला येऊन राह्यला, त्याची बी सेटिंग केली, उद्या फोटोसहित येईन. अरे बेटा, अजून साडी नाही नेसली? मैं तो खास तुम्हाले घ्याले आलो.

श्रुतिका : काका, मी...

पुष्पलता : तू थांब. या महागूभाऊ, बसा. पानी आनू का?

महागू : नको, नको, टाइम कुठं हाय.

पुष्पलता : बसा त. एक विचाराचं राह्यलं होतं. आमचा तांदूळ साहेबाले आवडला का?

महागू : आवडला? बहुत खुश! मॅडमनं खीर केली. साहेब म्हनले, महागू, असा चिन्नोर भोपाळले बी नाही मिळत.

पुष्पलता : बरं झालं. आन कट्ट्यात मी चिठ्ठी टाकली होती, पोरीचा रोल नंबर लिवून. ते सापडली ना त्याईले? मले सारखा घोर लागला होता, तांदळासंग शिजून त नाही गेली.

महागू : सापडली ना! साहेबानं माह्यासमोर वाचली, घडी करून खिशात ठेवली. त्या चिठ्ठीनंच त काम झालं, भाभी.

पुष्पलता : मी चिठ्ठी टाकलीच नव्हती, महागूभाऊ.

महागू : अं?

पुष्पलता : चिठ्ठी नव्हती. साहेब नव्हता. मॅडम नव्हती. खीर तेवढी खरी असन, पन ते तुह्या घरी शिजली.

महागू : भाभी, ये क्या बात कर रही हो! मी इतक्या वर्सांपासून...

श्रुतिका : इतक्या वर्सांपासून हेच करून राह्यले तुमी. सीताकाकूचा कट्टा बिना उसवता वापस आला, काका. एकदा तरी टाके काढून दुसऱ्या दोऱ्यानं शिवाचे होते.

महागू : ठीक हाय. चलो, खुलके बोलू. मी कोनाच्या घरी चोरी कराले गेलो का? जबरदस्ती केली? तुमीच देल्ला. हात जोडून देल्ला. भाभी, सच बोला, कट्टा देल्ल्यावर त्या राती तुमाले झोप लागली का नाही?

पुष्पलता : लागली.

महागू : बस! तेच देतो मी. मायबापाले वाटते, आपन काहीतरी केलं. पोरगं नाही लागलं तरी मनाले समाधान राह्यते, का आपन कसर नाही सोडली. डॉक्टर झोपेच्या गोळीचे पैसे घेते, मी थोडा तांदूळ घेतो. आन ज्याचं नाही झालं त्याचं वापस करतो. यात कोनाचं काय बिघडलं?

श्रुतिका : माहं बिघडलं! मी वर्दी घालून पहिल्या दिवशी जाईन, त लोक माह्या वर्दीकडं पाहून काय म्हनतील? माहीत हाय ना तुमाले, सेटिंग या शब्दाचे इथं किती अर्थ होतात? तुमी तांदळाचा लावता, स्टँडवरचे पोट्टे दुसराच लावतात.

महागू : लोक चार दिवस बोलतात बेटा, मंग भूल जाते हैं.

श्रुतिका : तुमचं भूलतात का? तुमचं त फ्लेक्सवर छापून ठेवतात.

पुष्पलता : महागूभाऊ, एक काम कर. माहा कट्टा वापस आन. आजच, चार वाजता, स्टेजवर.

महागू : स्टेजवर?

पुष्पलता : सगळ्यांपुढं. तुहा कायदा पंचक्रोशीले माहीत हाय. कट्टा वापस म्हंजे काम महागूच्या हातून नाही झालं. तू वापस देशीन, लोक समजून जातील, पोरगी आपल्या पायानं लागली. तुले एक शब्द बोलाची गरज नाही.

महागू : ऐसे कैसे? काम त झालं ना!

पुष्पलता : झालं. तुह्या हातून झालं का?

महागू : आन... कट्टा पुरा नाही राह्यला आता.

पुष्पलता : उरला तेवढा आन.

महागू : भाभी, गरम दिमागानं ऐकू नका, ठंडे दिमागानं ऐका. तुमी बोलल्या का कट्टा देल्ला, त नाव कोनाचं खराब होईन? मी म्हनीन, मले कायचा कट्टा, कोन पाह्यला? पन पोरीच्या घरच्यानं तांदूळ देल्ला, हे तुमच्याच तोंडून साऱ्या गावानं ऐकलं. पेपरवाला बसला हाय समोर. सोमवारी जॉइनिंग हाय तिची. एक अर्ज गेला ना वर, चौकशी बसली, त जॉइनिंग लटकली समजा. साल, दो साल. मंग मले नका म्हनू.

श्रुतिका : धमकी देऊन राह्यले का?

महागू : समजावून राह्यलो बेटा. अर्ध्या घंट्याचं काम हाय. हार घाला, फोटो काढा, घरी या. तुह्या बाबाची, सुखरामभाऊची बी इज्जत राह्यली, तुही बी नोकरी राह्यली. मैं चलता हूँ. पौने चारले यायचं.

पुष्पलता : गेला. बाई, खरं बोलला का तो? चौकशी बसन?

श्रुतिका : बसू शकते.

पुष्पलता : मंग?

श्रुतिका : मंग काय. माहे मार्क लिस्टवर हाय, चालाची वेळ त्याईच्याच मशीननं मोजली. पाह्यतील. पन आई, नोकरी लटकू बी शकते, जाऊ बी शकते. मी तुले खोटा भरवसा नाही देत. भरवसा वाटनारा आताच गेला.

पुष्पलता : मंग चूप बसू ना व! मी हात जोडतो. पाया नको पडू त्याच्या, म्हनशीन पाय दुखते. हार घाल आन ये. दोन वर्सं तू राती दोन-दोन वाजेपर्यंत पुस्तक घेऊन बसली, ते माह्या एका कट्ट्यापायी जाव का?

श्रुतिका : पन तेच त जाऊन राह्यलं, आई. चूप बसली तरी जाते. तुले माहीत हाय, आम्रपाली पुढच्या वर्सी फॉर्मच नाही भरनार म्हनते.

पुष्पलता : काहून? ते त तुह्यापेक्षा पहिले पोहोचली होती चालताना.

श्रुतिका : बारा मिनिटं पहिले. लेखीत सात मार्कांनी राह्यली. वर्षभर बसली त सहज काढन. मी म्हनलं, चाल, माहे सारे नोट्स घे. त ते काय म्हनली माहीत हाय? म्हनली, नोट्सनं काय होते व, तुमच्या घरी चिन्नोर पिकते, आमच्या घरी साधा मोटा तांदूळ. आमच्या दान्याले साहेबानं हातच नाही लावला. आमची सेटिंगच हलकी पडली.

पुष्पलता : असं म्हनली ते पोरगी?

श्रुतिका : हासत म्हनली, मले तवा मस्करीच वाटली, आज अर्थ लागला. तिच्या मनात पक्कं बसलं हाय. आता मी त्या स्टेजवर महागूकाकाच्या बाजूले हार घालून उभी राह्यली, त समोर बसून ते काय समजन? का खरंच हाय. मोट्या तांदळाच्या घरच्या पोरीनं अभ्यास कराचाच नाही. आन पुढच्या वर्सी अजून पाच जनी कट्टे भरतील. नाही आई. मले ते नाही जमत. नोकरी गेली त माही जाईन. पन मिळाली हाय, त ते बी माहीच पाह्यजे. मी स्टेजवर जाऊन सांगतो सारं.

पुष्पलता : तू नको सांगू.

श्रुतिका : आई, मी ऐकनार नाही आता.

पुष्पलता : ऐक व पहिले! तू सांगतलं त लोक म्हनतील, नोकरी लागली आन मायले चौकात उभी केली. आन म्हनतील, पोरगी स्वतःले वाचवून राह्यली. कट्टा मी देल्ला. मीच भरला, मीच शिवला, मीच त्याच्या मोटारसायकलवर बांधून देल्ला. तुले ठाऊक बी नव्हतं. मंग सांगनार कोन? मीच.

श्रुतिका : तू? स्टेजवर?

पुष्पलता : काहून? मले तोंड नाही का? सांगीन, मी पुष्पलता, सुखरामची बायको. पोरीच्या नोकरीसाठी मी चोरून तांदूळ देल्ला, आन तो तांदूळ या महागूच्या चुलीपुढं एक पाऊल गेला नाही. ज्याईचे कट्टे वापस आले, त्याईनं टाके पाहून घ्यावे. सीताबाईले उभी करतो तिथंच. आन सांगीन का माह्या पोरीची कोनासंग सेटिंग नाही, कायचीच नाही. कोनी स्टँडवर हासलं असन, त्यानं आता माह्यापुढं हासून दाखवाव.

श्रुतिका : आन बाबा? पहिल्या रांगेत बसले असतील. त्याईले घरी सांग पहिले, मंग बोल.

पुष्पलता : घरी सांगतलं त ते मले तिथं जाऊच नाही देनार. म्हनतील, जाऊ दे, माही चूक समज, तू नको बोलू. मले वाचवाले पाह्यतील. तीस वर्सं तेच करून राह्यले ते. आज साऱ्यांसंगच ऐकतील. राग आला त येऊ दे, जेवन नाही केलं त नको करू दे चार दिवस. पन गावभर जे सांगून राह्यले, ते खरं निघन ना त्याईचं. त्याईची पोरगी त्याईनं म्हनलं तशीच लागली.

श्रुतिका : सारं गाव बसलं असन समोर.

पुष्पलता : बसू दे. साऱ्या गावालेच सांगाचं हाय मले.

श्रुतिका : आई, नको वाटलं त अजून बी...

पुष्पलता : साडी नेस. ते हिरवी नेस, चांगली दिसते तुले. आन इकडं ये, पहिले एक दाखव. लग्नात बाया धरतात, पन मी कवा हातात घेतला नाही. तो माईक तोंडापासून किती दूर धरतात?